मुंबईच्या भरावात ग्वाल्हेरचा पैसा

(जयेंद्रगंज येथील मासिक बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीसाठी मला 'मुंबईचा भूगोल आणि अर्थकारण' असा विषय दिला आहे. मी प्राध्यापक नाही. बी. कॉम. झालो, बँकेच्या परीक्षेला बसलो आणि गेली बावीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो आहे. तेव्हा माझे बोलणे खतावणीच्या अंगाने जाईल. मुंबईच्या खात्यात जमेच्या बाजूला कोणाकोणाची नावे आहेत आणि त्यांत आपले नाव कुठे आहे, एवढेच मला मांडायचे आहे.

काही दिवसांपूर्वी काउंटरवर आपल्यातलेच एक काका आले. मुदत ठेवीची पावती मोडायची होती. दौलतगंजातल्या वाड्यातला हिस्सा विकून आलेली ती रक्कम. मुलगा मुंबईत कंपनीत आहे, त्याने डोंबिवलीच्या पुढे कुठेसा फ्लॅट बघितला आहे. मी म्हटले, "काका, मुदत संपायला चारच महिने राहिले आहेत, व्याज कापले जाईल." ते म्हणाले, "बिल्डर चार महिने थांबत नाही रे." मी आरटीजीएसचा फॉर्म पुढे केला. पाच मिनिटांत लष्करातला एक वाडा ठाणे जिल्ह्यात गेला. असे फॉर्म मी वर्षातून बरेच भरून घेतो, आणि दर वेळी वाटते की हा प्रवाह आजचा नाही. म्हणून थोडे मागे जाऊ.

मुंबई ही मुळात सात बेटे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगिजांनी मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली आणि १६६८ साली राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. जमिनीची किंमत तेवढीच होती. खरी किंमत पूर्वेकडच्या पाण्याची होती. बेटे आणि मुख्य भूमी यांच्या मधले ते बंदर खोल आहे, आणि पश्चिमेला अरबी समुद्र खवळलेला असतानाही तिथे जहाज निवांत उभे राहते. पण जमीन अपुरी, म्हणून माणसांनी ती तयार केली. १७८० च्या दशकात वरळीजवळचे खिंडार बांध घालून बुजवले, १८३८ साली कुलाब्याचा रस्ता झाला, १८४५ साली माहीमचा.

या माहीमच्या रस्त्यापाशी थोडे थांबू या. वांद्र्याहून माहीमला जाताना आपण ज्या पुलावरून जातो, त्यासाठी लेडी जमशेदजी म्हणजे आवाबाई यांनी सुमारे १ लाख ५७ हजार रुपये दिले. त्यांचे पती सर जमशेदजी जीजीभॉय, ज्यांच्या नावाचे जे. जे. रुग्णालय आहे. त्यांची संपत्ती चीनच्या व्यापारातली, कापसाची आणि अफूची. आणि ती अफू कुठली? माळव्याची. उज्जैन, मंदसौर, नीमच हा सगळा पट्टा, आणि त्यातला मोठा भाग शिंद्यांच्या राज्यातला. बंगालसारखी मक्तेदारी कंपनीला इथे जमली नाही, कारण मुलूख संस्थानिकांचा होता. मग तिने पास देऊन प्रत्येक पेटीमागे जकात घ्यायला सुरुवात केली. तरी बराच माल राजस्थान-सिंधमार्गे कराचीला आणि तिथून दमणला जाई. १८४३ साली इंग्रजांनी सिंध घेतला, ती वाट बंद झाली, आणि माळव्याची अफू मुंबईच्या बंदराशिवाय कुठे जाईना. मुंबईतल्या व्यापाऱ्यांची पहिली मोठी भांडवले या पेट्यांवर उभी राहिली. अफूचा अभिमान बाळगावा असे मी म्हणत नाही. चिनी माणसाचे त्यात काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. मी फक्त जमेची नोंद दाखवतो आहे.

पुढे रेल्वे आली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, ते शाळेत शिकवतात. पण मुंबईचे भाग्य उघडले ते घाट फोडल्यावर, भोर घाट १८६३ साली आणि थळ घाट १८६५ साली. तोवर सह्याद्री ही मुंबईच्या पाठीशी उभी असलेली भिंतच होती. भिंतीला दार पडले आणि वऱ्हाड, खानदेश, माळवा इथला कापूस थेट बंदराला लागला. नेमके तेव्हाच अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, कापसाला सोन्याचा भाव आला, आणि १८६५ साली युद्ध संपताच मुंबईतल्या बँका आणि शेअर कंपन्या पत्त्यांसारख्या कोसळल्या. तेव्हा समुद्र बुजवणाऱ्या कंपनीच्या शेअरवर सर्वांत मोठा सट्टा झाला होता. त्या शहरात जमिनीवर जुगार खेळण्याची सवय जुनी आहे.

आता ग्वाल्हेरची नावे येतात. १८७२ साली जयाजीराव महाराजांनी आग्रा-ग्वाल्हेर रेल्वेसाठी ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले, आणि पुढच्याच वर्षी इंदूर-नीमच मार्गासाठी तेवढेच. हा दुसरा मार्ग अफूच्या पट्ट्यातूनच जातो, हे लक्षात घ्यावे. १९०७ साली टाटांनी पोलाद कारखान्यासाठी मुंबईत भांडवल उभे केले. लोकांनी तीन आठवड्यांत शेअर उचलले, पण खेळत्या भांडवलासाठी चार लाख पौंडांचे कर्जरोखे हवे होते. ते सगळेच्या सगळे एकट्या माधवराव महाराजांनी घेतले. कारखाना साकचीला, कचेरी मुंबईत, आणि पैसा आपल्या लष्करातला.

आणखी एक गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धात माधवराव महाराजांनी इतर संस्थानिकांसह एक जहाज घेऊन त्याचे इस्पितळ केले होते, 'लॉयल्टी' नावाचे. युद्धानंतर ते सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी विकत घेतले. ५ एप्रिल १९१९ ला ते मुंबईहून लंडनला निघाले. हा दिवस पुढे राष्ट्रीय सागरी दिन ठरला. त्या कंपनीचे नाव 'सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन'. चंबळच्या खोऱ्यातल्या घराण्याचे नाव समुद्रावरच्या कंपनीला लागले ते असे.

महाराजांनी पैसा फक्त बाहेर पाठवला असेही नाही. १९१६ साली इथे कृष्णराम बळदेव बँक त्यांच्याच आश्रयाने निघाली. १९२० च्या दशकात जियाजीराव कॉटन मिल, म्हणजे आपली जेसी मिल, सुरू झाली. १९७५ साली ती बँक स्टेट बँकेत विलीन झाली, नव्वदच्या दशकात मिलचा भोंगा थांबला. मधल्या काळात, १९५६ साली, राजधानी भोपाळला गेली आणि आपल्या वाट्याला एजी ऑफिस आले. नोकऱ्या चांगल्या होत्या, नाही असे नाही. पण ऑफिसातून दुसरे ऑफिस जन्मत नाही. मिलमधून गॅरेज, डायहाउस, वाहतूक, दुकाने असे काय काय निघते.

गिरणी मुंबईतही बुडाली. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या गिरणीचा घाट घातला होता. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक परत आत गेलेच नाहीत. पण इथे मुंबईचा आणि आपला हिशेब वेगळा होतो. तिथे गिरणी मेल्यावर तिच्या खालची जमीन जिवंत झाली. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जमिनीचे तीन भाग व्हायचे होते. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक घरबांधणीसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली नियम असा बदलला की वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेची. गिरणीत रिकामी जागा किती असते? सगळीकडे शेडच. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. त्याआधी २००५ साली एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटींना गेली होती. माझ्या मते मुंबईच्या अलीकडच्या इतिहासातला सर्वांत महाग शब्द हा 'रिकामी' आहे.

जमीन इतकी महाग का, याचे उत्तर नकाशात आहे. तीन बाजूंनी पाणी, मध्ये राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. इतर शहरे चारी दिशांना पसरतात. आपण मुरारच्या पुढे गेलो, बानमोरकडे गेलो, मालनपूरला भिंड जिल्ह्यात घुसलो. मुंबईला उत्तरेकडे जाता येते, समुद्र बुजवता येतो, नाहीतर वर जाता येते. बृहन्मुंबईची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १ कोटी २४ लाखांवर, आपली त्याच वेळी साडेदहा लाख. पाणीही बाहेरून, शहापूरकडच्या धरणांतून शंभर किलोमीटर नळाने. त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा बुजवलेल्या खाड्यांनी आपली जुनी जागा परत मागितली. बंदराचा बराच माल १९८९ पासून न्हावाशेव्याला उतरतो, २०२४ च्या जानेवारीत तिकडे अटल सेतूही झाला. शहरात राहिले ते पैशाचे काम. बँका, विमा, शेअरबाजार, सिनेमा, कंपन्यांच्या कचेऱ्या.

म्हणून त्या काकांच्या मुलाचा पगार ऐकून इथे आपण हरखतो, पण त्यातला मोठा घास गृहकर्जाचा हप्ता खातो. तो हप्ता विटा-सिमेंटचा नाही, समुद्राने अडवलेल्या जागेचा आहे. आणि इतके करून त्याला शेजारी विचारतात, "तुम्ही एमपीचे का? मराठी छान बोलता हो." दोनशे वर्षे घरात मराठी बोलल्याचे हे प्रशस्तिपत्रक!

आता माझ्या टेबलावरची गोष्ट. बँकेत एक आकडा असतो, ठेवींच्या तुलनेत कर्जाचे प्रमाण. शंभर रुपये ठेव गोळा झाली तर त्या भागात किती रुपये कर्ज म्हणून परत गेले. महाराष्ट्राचे हे प्रमाण देशात वरच्या क्रमांकांत असते, ते मुख्यतः मुंबईमुळे. न्यायाने सांगायचे तर मुंबईत मंजूर झालेले सगळे कर्ज मुंबईत वापरले जात नाही. कंपनीची कचेरी नरिमन पॉइंटला, कारखाना दुसऱ्या राज्यात, आणि कर्ज लिहिले जाते कचेरीच्या पत्त्यावर. रिझर्व्ह बँक मंजुरीचे ठिकाण आणि वापराचे ठिकाण असे दोन्ही आकडे देते. पण ते वजा केले तरी, लहान गावांची बचत मोठ्या शहरांत कर्ज होऊन जाते हे खरे उरते. आपण ज्येष्ठ नागरिकांच्या जादा व्याजावर खूश असतो. पैसा रात्री कुठे झोपतो ते बघत नाही.

हे थांबवता येत नाही असे मात्र नाही. ज्या जिल्ह्यात हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या खाली जाते तिथे खास उपसमिती नेमण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. जिल्हा सल्लागार समितीची बैठक दर तिमाहीला होते, त्यात अग्रणी बँक हे आकडे ठेवते. आपल्यापैकी कोणी कधी निवडणुकीतल्या उमेदवाराला ते विचारले आहेत का? आपण विचारतो ते पुतळ्याचे, चौकाच्या नावाचे, गणेशोत्सवाच्या परवानगीचे. तेही विचारावे, मी नाही म्हणत नाही.

दुसरी गोष्ट हजिऱ्याच्या अंगाने. इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. तिच्या सुमारे ४,८०० कामगारांची २२४ कोटींची देणी डिसेंबर २०२३ मध्ये मिळाली, बत्तीस वर्षांनी, आणि ती जमीन सरकारी गृहनिर्माण मंडळाकडे आली. तोवर कित्येक कामगार गेले होते, पैसे विधवांच्या हाती पडले. आपल्या जेसी मिलच्या जमिनीचे काय करायचे हे ठरवताना मुंबईचा २००१ सालचा तो 'रिकामी' शब्द इथल्या कागदात तर येत नाही ना, हे कोणीतरी वाचायला हवे. देणी आधी, नंतर जमिनीचा ठरलेला हिस्सा कारखान्यांसाठी आणि मोकळ्या जागेसाठी, हे लेखी मागायला हवे. आपल्यात निवृत्त एजी ऑफिसवाले इतके आहेत, सरकारी कागद वाचण्यात त्यांच्याइतके तरबेज शहरात कोणी नाही.

पंजाब मेल १९१२ पासून धावते आहे आणि आपली मुले तिच्यात बसणारच. माझी मुलगीही पुढच्या वर्षी बारावी होईल, मी तिला थांब म्हणणार नाही. पण परत यायचे झाले तर इथे काय असेल, हे तिला सांगण्यासाठी माझ्याकडे आज फार काही नाही.

पुढच्या बैठकीला मी जिल्ह्याच्या मागच्या चार तिमाहींचे आकडे घेऊन येतो. जेसी मिलच्या जमिनीचे कागद मिळवण्याचे काम ज्यांचे महसूल मंडळात ओळखीचे कोणी आहेत त्यांनी घ्यावे. नावे आजच लिहून द्यावीत, चहा त्यानंतर.