हरत्या संघाचा वस्ताद

कुस्तीच्या आखाड्यांत वस्तादाचें नांव पहिलवानाच्या आधीं घेतात. फुटबॉलच्या मैदानावर तें शेवटीं निघतें, आणि तेंहि बहुधा संघ हरल्यावर.

वर्धा जिल्ह्यांत पुलगांवाला लागून नाचणगांव आहे. कापसाच्या व तुरीच्या शेतांमधल्या अशा गांवीं मुलांनीं मैदान आंखलें तर तें कबड्डीसाठीं. फुटबॉलचे खांब तेथें क्वचितच दिसावयाचे. पण खेळ पाहणाऱ्याला आतां गांवाची वेस राहिलेली नाहीं. जागतिक चषकाचे सामने रात्रीं उशिरापर्यंत चालू असले म्हणजे पारावर बसणारा गृहस्थहि दुसऱ्या दिवशीं सकाळीं निकाल देऊन मोकळा होतो कीं, अमक्या देशाचा प्रशिक्षक बदलला पाहिजे. त्यानें काय करावयास हवें होतें, असें विचारलें तर उत्तर येतें, "जिंकावयास हवें होतें!" आजाऱ्यानें बरें व्हावयास हवें होतें, असें म्हणण्यासारखेंच हें. हरणाऱ्या संघाच्या हातीं काय असतें, आणि तेवढ्यावर एक शहाणा माणूस काय उभारूं शकतो, हा खरा प्रश्न आहे. त्याचें उत्तर कोरड्या तत्त्वचर्चेंत शोधण्याचें कारण नाहीं. मुंबईच्या एका प्रशिक्षकाच्या सोळा वर्षांच्या कामगिरींत तें पुष्कळसें सांपडतें, आणि त्या उत्तराच्या मर्यादाहि तेथेंच सांपडतात.

हे प्रशिक्षक म्हणजे खालिद जमील. जन्म १९७७ सालीं कुवेत येथें झाला, पण त्यांची खेळाडू म्हणून उमेदीचीं वर्षें मुंबईंत गेलीं. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि शेवटीं मुंबई एफसी हे त्यांचे क्लब. दुखापतींनीं खेळ लवकर आटोपला आणि २००९ सालीं, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षीं, मुंबई एफसीचें प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आलें. हा क्लब श्रीमंत नव्हता. कलकत्त्याचे मोहन बागान व ईस्ट बंगाल, गोव्याचे डेम्पो व साळगांवकर यांच्या तिजोऱ्यांपुढें त्याची पेटी लहानच. कुपरेजचें मैदान दुरुस्तीसाठीं बंद असतांना घरचे म्हणून जे सामने खेळावयाचे, तेहि पुण्याच्या बालेवाडीस जाऊन खेळावे लागले. आय-लीग या राष्ट्रीय साखळींत तळाशीं राहिलेल्या संघाला खालच्या वर्गांत उतरावें लागे, आणि दर वर्षीं जाणते लोक त्या जागेसाठीं मुंबई एफसीचें नांव घेत. सात वर्षें जमील यांनीं तें भाकीत खोटें पाडलें. या सात वर्षांत राष्ट्रीय अजिंक्यपद एकदांहि मिळालें नाहीं, म्हणून त्यांचें कौतुक फारसें कोणी केलें नाहीं. न बुडालेल्या नावेच्या नावाड्याला कोण हार घालतो?

त्यांची पद्धति डोळ्यांना सुख देणारी नव्हे. बचाव घट्ट, प्रतिपक्षाला मोकळी जागा नाहीं, आणि चेंडू मिळतांच लांब फटक्यानें पुढें. जाणकार रसिक यावर नाक मुरडतात. पण साखळीचें गणित मांडून पाहावें. विजयाला ३ गुण, बरोबरीला १, पराभवाला शून्य. दहा सामने हरणाऱ्या संघानें त्यांतल्या पांचांत नुसती बरोबरी साधली तरी पांच गुण पदरांत पडतात, आणि तळाच्या संघांमधलें अंतर पुष्कळदां तेवढेंच असतें. गणितांत कच्च्या असलेल्या मुलाला चांगला मास्तर आधीं भूमितीचीं प्रमेयें घालीत नाहीं. त्याची वजाबाकी कोठें चुकते तें पाहतो. हरता संघ बहुधा त्याच त्या दोन-तीन ठिकाणीं चुकत असतो. कोपऱ्यावरून येणाऱ्या चेंडूच्या वेळीं कोणाला कोणी धरावयाचें हें ठरलेलें नसतें, किंवा एक गोल खाल्ल्याबरोबर सर्वजण धांवत पुढें जातात आणि मागें दार उघडें टाकतात. हें बंद करण्यास अलौकिक खेळाडू लागत नाहींत. रोजचा सराव लागतो, आणि कंटाळा न येणारा शिक्षक लागतो. सुंदर खेळाची हौस ज्याला पहिल्याच महिन्यांत भागवावयाची आहे, त्यानें बुडता संघ हातीं घेऊं नये.

२०१६ सालीं मुंबई एफसी आणि जमील यांची फारकत झाली. पुढें जें घडलें तें कादंबरींत घातलें तर वाचक लेखकाला हंसतील.

ऐझॉल हें मिझोरमच्या डोंगरांतील राजधानीचें शहर. सबंध मिझोरमची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेंत सुमारें ११ लाख भरली होती. एकट्या वर्धा जिल्ह्याची त्याच जनगणनेंत १३ लाख होती. या लहानशा राज्याचा ऐझॉल एफसी हा क्लब २०१५-१६ च्या आय-लीगमध्यें नऊ संघांत आठवा आला. नववा होता पुण्याचा डीएसके शिवाजियन्स, पण त्याला नव्या प्रवेशाच्या अटींमुळें उतरण्यापासून सूट होती, म्हणून खालीं जाण्याची पाळी ऐझॉलवर आली. तेवढ्यांत गोव्याच्या क्लबांनीं साखळींतून अंग काढून घेतलें, जागा रिकाम्या झाल्या, आणि ऐझॉलला परत बोलावण्यांत आलें. असा, दयेनें आंत घेतलेला संघ जमील यांच्या हातीं आला.

त्यांनीं काय केलें? मुंबईंत आपल्या हाताखालीं खेळलेले जयेश राणे व आशुतोष मेहता हे दोघे बरोबर नेले. मोठ्या क्लबांनीं त्यांच्यासाठीं कांहीं दारांत रांग लावली नव्हती. मध्यभागीं महमूद अल अम्ना हा सीरियाचा कसलेला खेळाडू होता. बाकीचीं पोरें बहुतेक मिझो. धांवण्यांत व दमांत कोणालाहि न हार जाणारीं. या धांवण्याला जमील यांनीं बचावाची शिस्त दिली. कोणत्या माणसाकडून काय होईल हें ओळखून तेवढेंच त्याच्याकडून मागितलें, आणि तें मात्र दर आठवड्याला पुरेपूर वसूल केलें. २२ एप्रिल २०१७ रोजीं ऐझॉलमध्यें मोहन बागानशीं गांठ पडली. दोघांचे गुण सारखे, ३३ आणि ३३. सामना संपत आला असतांना झोहमिंगलियाना राल्टे या बचाव फळींतल्या खेळाडूनें डोक्यानें चेंडू जाळ्यांत घातला. आठ दिवसांनीं, ३० एप्रिलला, शिलाँग येथें लाजोंगविरुद्ध शेवटचा सामना होता. ऐझॉल आधीं एका गोलानें मागें पडले, मग विल्यम लालनुनफेला यानें बरोबरी साधली. ती १-१ अशी बरोबरी पुरली. १८ सामन्यांत ऐझॉलचे ३७ गुण, मोहन बागानचे ३६. ईशान्य भारतांतील क्लबानें राष्ट्रीय साखळी जिंकण्याची ही पहिलीच वेळ. सात वर्षें मुंबईंत जो एकेक गुण वेंचला गेला, त्या संवयीचेंच हें फळ नव्हे काय?

त्याच हंगामांत मुंबई एफसी दहा संघांत दहावा आला आणि खालीं गेला. पुढें तो क्लबच मिटला. यावर अधिक भाष्य नको.

इंग्लंडांत एक वर्ष आधीं असाच चमत्कार झाला होता. लेस्टर या शहराचा क्लब २०१६ च्या मे महिन्यांत अजिंक्य ठरला; प्रशिक्षक क्लाउडिओ रानिएरी. पुढच्या हंगामांत संघ घसरूं लागतांच, नऊ महिने झाले-न-झाले तोंच, फेब्रुवारी २०१७ मध्यें रानिएरींना निरोप मिळाला. मालकांचा स्वभाव देशागणिक बदलत नाहीं.

आपल्या देशांत हरत्या संघाच्या प्रशिक्षकाची कथा सांगावयाची तर सय्यद अब्दुल रहीम यांना वगळून चालणार नाहीं. मराठवाडा ज्या संस्थानांत होता त्या हैदराबादचे हे शाळामास्तर. १९५० पासून राष्ट्रीय संघ त्यांच्याकडे होता. १९५१ सालीं दिल्लीच्या एशियाई सामन्यांत सुवर्णपदक मिळालें, पण लगेच १९५२ सालीं हेलसिंकी ऑलिंपिकमध्यें अनवाणी खेळणाऱ्या आपल्या संघाला युगोस्लाव्हियानें १०-१ असें झोडपलें. आजच्या काळीं एवढ्या पराभवानंतर प्रशिक्षक विमानतळावरूनच घरीं गेला असता. रहीम राहिले, शिकले आणि शिकवीत राहिले. उजव्या पायावरच विसंबणाऱ्या पोरांसाठीं त्यांनीं कमजोर पायानेंच खेळण्याचे सामने भरविले. ही मास्तरी युक्ति आहे. डावखुऱ्याचा हात बांधण्यासारखी शिक्षा नव्हे, आळशी पायाला काम देणारी. चार वर्षांनीं, १९५६ सालीं, मेलबर्नला भारत चौथा आला. तेथें यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांनीं तीन गोल केले. ऑलिंपिकमध्यें असा पराक्रम करणारे ते पहिले आशियाई.

आणि १९६२, जाकार्ता. पहिलाच सामना दक्षिण कोरियानें २-० असा जिंकला. थायलंडविरुद्ध बचावाचा खांब जर्नेलसिंग यांचें डोकें फुटलें, टांके घालावे लागले. रहीम यांनीं त्यांना बसवून ठेवलें नाहीं आणि जुन्या जागींहि ठेवलें नाहीं. उपांत्य व अंतिम सामन्यांत आघाडीवर उभें केलें. अंतिम सामन्यांत लाखभर प्रेक्षक भारताविरुद्ध ओरडत होते. कोरिया पुन्हां समोर. भारत २-१ असा जिंकला, आणि त्या दोहोंपैकीं एक गोल जर्नेलसिंगांचा. रहीम त्या वेळीं कर्करोगानें आजारी होते. ११ जून १९६३ रोजीं त्यांचें निधन झालें. हेलसिंकी ते जाकार्ता हीं दहा वर्षें. दहा वर्षें एका पराभूत शिक्षकाला वर्गावर राहूं दिलें, ही त्या काळच्या चालकांची पुण्याई म्हणावी लागेल. त्यांचें हें श्रेय सहसा कोणी देत नाहीं.

आतां पुन्हां जमील. ऐझॉलनंतर ईस्ट बंगालनें त्यांना नेलें. तेथें पैसा होता, नांव होतें, लाखों चाहते होते. २०१७-१८ च्या आय-लीगमध्यें संघ चौथा आला आणि ते बाहेर पडले. मोठ्या क्लबांत बरोबरी हा गुण नव्हे, गुन्हा असतो. पुढें जानेवारी २०२१ मध्यें, हंगाम अर्धा झालेला असतांना, नॉर्थईस्ट युनायटेडची धुरा त्यांच्यावर आली. महामारीमुळें इंडियन सुपर लीगचे सारे सामने त्या वर्षीं गोव्यांतच चालले होते. साखळीच्या उरलेल्या सामन्यांत त्यांचा संघ एकदांहि हरला नाहीं आणि उपांत्य फेरीपर्यंत पोंचला. भारतीय प्रशिक्षकानें त्या स्पर्धेंत एवढी मजल मारण्याची ती पहिलीच वेळ.

पण पुढल्या वर्षीं, कायमची नेमणूक होऊन सबंध हंगाम हातीं असतांना, तोच संघ अकरांत दहावा आला. हें लपविण्यांत अर्थ नाहीं. बुडत्याला वर काढण्याची विद्या निराळी, आणि वर आलेल्याला पोहावयास शिकविण्याची निराळी. दुसऱ्या वर्षीं प्रतिस्पर्धी सावध असतात, लांब फटक्याची युक्ति ओळखीची झालेली असते, आणि चांगले खेळाडू दुसऱ्या क्लबांनीं उचललेले असतात. जमील यांनीं ही दुसरी विद्या कितपत मिळविली याचें उत्तर जमशेदपूरनें थोडेंफार दिलें. २०२३ च्या अखेरीस तो घसरलेला संघ त्यांनीं घेतला, आणि २०२४-२५ मध्यें, म्हणजे पहिल्या सबंध हंगामांत, सुपर लीगच्या उपांत्य फेरीला व सुपर कपाच्या अंतिम सामन्याला नेला. दोन्हीकडे शेवटीं हार झाली. तरी नॉर्थईस्टची कथा पुन्हां घडली नाहीं.

ऑगस्ट २०२५ मध्यें राष्ट्रीय संघाची जबाबदारी त्यांच्यावर टाकण्यांत आली. गोव्याचे साव्हियो मेदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनीं भारतीय माणूस त्या जागीं बसला. भारत तेव्हां जगांत १३३ व्या क्रमांकावर होता. सरावाला दिवस थोडे, हवे ते सर्व खेळाडूहि मिळाले नाहींत. तरी ताजिकिस्तानला त्यांच्याच भूमींत २-१ हरवून आणि ओमानला पेनल्टींवर मागें टाकून मध्य आशियाच्या स्पर्धेंत तिसरें स्थान मिळालें. लोक हरखले. पुढें १४ ऑक्टोबरला मडगांवच्या फातोर्डा मैदानावर आधीं गोल करूनहि सिंगापूरशीं १-२ अशी हार झाली आणि २०२७ च्या आशिया चषकाची वाट बंद झाली. १८ नोव्हेंबरला ढाक्यांत बांगला देशनें ०-१ असें हरविलें. २००३ नंतर प्रथमच. टाळ्या वाजविणारे हात तीन महिन्यांत बोटें मोडूं लागले.

क्लबाचा प्रशिक्षक पोरांना रोज पाहतो, राष्ट्राचा प्रशिक्षक त्यांना पाहुण्यासारखा भेटतो. आठ-दहा दिवसांत तो बचावाच्या जागा ठरवूं शकेल. पण चेंडू आल्याबरोबर मान वर करून पाहण्याची जी संवय दहाव्या-बाराव्या वर्षीं लागावयाची, ती अठ्ठाविसाव्या वर्षीं कशी लावणार? तें काम दुसऱ्याच माणसांचें, आणि तें दुसऱ्याच ठिकाणीं होतें. नाचणगांवाहून सव्वाशे किलोमीटरहि दूर नसलेल्या नागपुरांत हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनीं २००१ सालीं झोपडपट्टींतल्या मुलांचा फुटबॉल सुरू केला. त्यांच्यावर पुढें २०२२ सालीं 'झुंड' हा चित्रपट निघाला आणि त्यांचें नांव घरोघरीं गेलें. त्या मैदानावर येणारीं मुलें आधीं तुटकी बादली लाथाडीत खेळत असत. बारसे यांनीं त्यांना प्रथम चेंडू आणून दिला.