पहारा आणि विश्वास
(पालकांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



रात्री निजण्यापूर्वी घरातील कर्ता माणूस दाराची कडी एकदा चाचपून पाहतो. मात्र त्याच घरात, पांघरुणाखाली जागणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाच्या हाती साऱ्या जगाचे दार सताड उघडे असते. २०२०च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर भरू लागली. ज्या घरांनी हे यंत्र मुलांपासून कटाक्षाने दूर ठेवले होते, त्यांनाही ते द्यावे लागले. पुढे शाळा उघडल्या; यंत्र हातातच राहिले.

अश्लीलता शोधण्यासाठी मुलाला आता कोठे जावे लागत नाही. खेळामध्ये डोकावणारी जाहिरात वा वर्गमित्राने पाठविलेला दुवा पुरेसा होतो. एखादे दृश्य क्षणभर अधिक पाहिले, की तशीच दृश्ये पुढे मांडणारी यंत्रणा मागे लागते. त्याहून घातक आहे तो समवयस्क असल्याचे सोंग घेणारा अनोळखी इसम. तो आधी गोड बोलतो, मग छायाचित्र मागतो आणि अखेरीस ते सर्वांना दाखविण्याची धमकी देतो.

कायदा येथे दुबळा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ब कलमान्वये बालकांचे अश्लील चित्रण प्रसृत करणाऱ्यास पहिल्याच अपराधासाठी ५ वर्षांपर्यंत कारावास आणि १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २०१२चा पॉक्सो कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकास संरक्षण देतो. २०२१च्या नियमांनी वेबमालिकांना वयानुसार वर्ग ठरवून दिले आणि १३ वर्षे व त्यावरील वर्गांसाठी पालकांना कुलूप लावता येण्याची सोय बंधनकारक केली. परंतु सोय दिल्लीहून होते, कुलूप घरातच लावावे लागते. ते किती घरांत लागले आहे, याचे उत्तर ज्याने त्याने स्वतःशी द्यावे.

आता समजा, अशा धमकीने गांगरलेली एखादी मुलगी आईजवळ येऊन बसली. आईचा पहिला उद्गार काय असेल? ‘तरी सांगत होते!’ हा उद्गार निघाला, की ती मुलगी पुन्हा बोलत नाही. धमकी देणाऱ्याला नेमके हेच हवे असते. त्याचे सारे बळ मुलीला आईबापांच्या रागाची वाटणाऱ्या भीतीत असते. म्हणून आधी तिला जवळ घ्यावे. पैसे देऊ नयेत. त्या खात्याचे नाव, दुवा आणि वेळ टिपून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलिसांत तक्रार करावी; १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक घरातील प्रत्येकास पाठ असावा. आणि सावधगिरीचा इशारा म्हणूनसुद्धा ते चित्र कोणत्याही गटावर पुढे पाठवू नये. त्याने त्या बालकाची विटंबना दुप्पट होते आणि पाठविणाराही कायद्याच्या कक्षेत येतो.

कुटुंब प्रबोधनाच्या कार्यात आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र बसावे, जेवावे, मोकळेपणाने बोलावे, असा आग्रह धरला जातो. त्याचे मोल अशा प्रसंगी कळते. ज्या घरात एरवी कोणी कोणाशी बोलत नाही, त्या घरात संकटाची गोष्ट कोणत्या तोंडाने निघणार? त्या बैठकीत मोबाइल एका टोपलीत ठेवावेत आणि पहिला मोबाइल वडिलांचा असावा. ताटावर बसून स्वतः पडद्यात डोळे घालणाऱ्या पित्याचा उपदेश मुलगा ऐकेल, पण मानणार नाही. संस्कार आचरणातून उतरतात. रात्री सर्वांचे मोबाइल दिवाणखान्यात राहतील, हा नियमही थोरामोठ्यांसह सर्वांना सारखाच हवा.

पहारा हवाच, तथापि मूल चोवीस तास पहाऱ्यात राहात नाही. उद्या ते शिक्षणासाठी परगावी जाईल. तेव्हा त्याच्यासोबत घरचे कुलूप नसेल. घरचा विवेक असेल आणि काही चुकले तर घरी सांगता येते, हा विश्वास असेल. ही शिदोरी बांधून देणे, हे आजच्या मातापित्यांचे कर्तव्य आहे.