गटप्रमुख कोण होणार?

(म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात अगरबत्ती वळणाऱ्या स्त्रियांसमोर केलेल्या भाषणाचं हे मराठी रूप. मूळ बोलणं दखनीत आणि माझ्या तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये झालं. युनिटचं आणि तिथल्या कुणाचंही नाव मुद्दाम दिलेलं नाही.)



उद्या तुमच्यातल्या सहा जणींची 'गटप्रमुख' म्हणून निवड होणार आहे. तीन दिवसांचं नेतृत्व प्रशिक्षण आज संपलं. शेटजी इथेच बसले आहेत आणि प्रशिक्षण देणाऱ्या ताईही. त्यांच्या पाठीमागे बोलण्यापेक्षा समोर बोललेलं बरं, म्हणून मी आजच वेळ मागितला.

आधी शेटजींच्या बाजूने एक गोष्ट सांगते. युनिट लहान आहे. मशीन आलं, मागणी पडली, तेव्हा घरोघरी काड्या आणि मसाला पाठवणं त्यांनी थांबवलं. आता पुन्हा सुरू करायचं म्हणतात, आणि या वेळी ठेकेदाराऐवजी बायकांचे गट करायचे म्हणतात. हे चांगलं आहे. अनेक जण एवढंही करत नाहीत.

पण 'काम थांबवलं' हा शब्द नीट बघा. कारखान्यात कामगाराला कमी करतात तेव्हा त्याला नोटीस द्यावी लागते, भरपाई द्यावी लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं. कारण त्याचं नाव हजेरीपटावर असतं. तुमच्यापैकी किती जणींना नोटीस आली? एकीलाही नाही. एका सोमवारी काड्या आल्या नाहीत. पुढच्या सोमवारीही आल्या नाहीत. शेटजींच्या वहीत कुणालाच कामावरून काढलेलं नाही, कारण त्या वहीत तुम्ही कधी नव्हताच. म्हणून 'कंपनी पुन्हा उभी राहतेय' असं जेव्हा म्हणतात, तेव्हा मला विचारावंसं वाटतं की त्या कंपनीत तुम्ही आहात का.

मी सोलापूरची. आमच्याकडे अगरबत्ती नाही, विडी. पद्मशाली, दलित, मुसलमान, सगळ्या घरांतल्या बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. तुमचं आणि त्यांचं काम जवळजवळ सारखंच आहे. घरात बसून, नगावर मजुरी, माल परत करताना कुणीतरी जुडी उचलून म्हणणार, 'ही नाही चालणार.' फरक एकच. सोलापूरच्या बाईकडे विडी कामगाराचं ओळखपत्र असतं. ते कुठून आलं?

त्याची वाट १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने मोकळी केली. घरी बसून विड्या वळणारीही कामगारच आहे, आणि मध्ये ठेकेदार उभा केला म्हणून मालक मोकळा होत नाही, असं त्या कायद्याने सांगितलं. मालकांना ते पटलं नाही. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७४ चा तो निकाल ज्या कंपनीच्या नावाने ओळखला जातो ती मँगलोर गणेश बीडी वर्क्स. नाव मंगळूरचं, पण कचेरी याच म्हैसूर शहरात. न्यायालयाने कायदा वैध ठरवला. म्हणजे देशभरच्या घरबशा कामगारणींना कामगार म्हणवून घेण्याचा जो हक्क मिळाला, त्याच्या कागदावर तुमच्या गावचा शिक्का आहे. अगरबत्तीसाठी मात्र असा स्वतंत्र केंद्रीय कायदा कधी झाला नाही. आणि विडीचा कायदासुद्धा आता २०२० च्या श्रमसंहितेत विरघळवला आहे, तो भाग वेगळा.

याच कंपनीची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती उद्याच्या निवडीशी थेट जोडलेली आहे. १९६८ साली केरळ सरकारने हा कायदा लागू करायचं ठरवलं, तेव्हा गणेश आणि इतर मोठ्या कंपन्यांनी कन्नूर भागातलं काम बंद केलं. सुमारे बारा हजार माणसं एकदम बेकार झाली. १५ फेब्रुवारी १९६९ ला तिथल्या कामगारांची सहकारी संस्था सुरू झाली. दिनेश विडी. सरकारने भांडवलाला कर्ज दिलं, कामगार भागधारक झाले. पुढे ही संस्था चाळीस हजारांच्या वर माणसांना काम देत होती. लोक विडी सोडू लागले तेव्हा ती खाद्यपदार्थ, छत्र्या, कपडे अशा कामांकडे वळली.

बेकार झालेल्या विडी कामगारांना एवढी मोठी संस्था चालवणं कुणी शिकवलं? तीन दिवसांचं शिबिर झालं होतं का?

त्यांचं प्रशिक्षण त्याआधी तीस-चाळीस वर्षं चालू होतं. कन्नूरच्या विडी कारखान्यांत एक रिवाज होता. सगळे विड्या वळत आणि एक जण मोठ्याने वर्तमानपत्र वाचे. वाचणाऱ्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे वळून देत. रोज. मग वाचलेल्यावर वाद. पुढे त्यांनी संप केले, हिशेब मागितले, मजुरीचे करार वाचले. यातले बहुतेक तिय्या जातीचे. केरळच्या जातिव्यवस्थेत अंतर ठेवून चालायला लावलेली जात. नारायण गुरूंच्या आणि वाग्भटानंदांच्या चळवळींनी त्यांना 'आम्ही कमी नाही' हे आधीच सांगितलेलं होतं. तिथून जवळच वडकरा भागात १९२५ मध्ये वाग्भटानंदांच्या अनुयायांनी मजुरांची संस्था काढली. कारण सुधारणेच्या चळवळीत गेल्याबद्दल सवर्ण जमीनदारांनी त्यांना काम देणं बंद केलं होतं. सुरुवातीला चौदा माणसं. ती ऊरालुंगल संस्था आज रस्ते आणि पूल बांधते, शंभर वर्षांची झाली. कामावरून काढलं जाणं हे जातीचं हत्यारही असतं, हे त्या चौदा जणांना पक्कं माहीत होतं.

दिनेशची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी तुम्हाला परीकथा सांगितल्यासारखं होईल. तिथे वळणाऱ्यांमध्ये बायका वाढत गेल्या, पण नेतृत्वात त्या प्रमाणात दिसल्या नाहीत. संस्थेबद्दल प्रेमाने लिहिणाऱ्या अभ्यासकांनीही हे नोंदवलं आहे. संस्था कामगारांची झाली म्हणून ती आपोआप बाईची होत नाही.

आमच्या महाराष्ट्रातलं उदाहरण कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जचं. मालक कुटुंबातली भांडणं, थकलेली बिलं, आणि १९८५ मध्ये कारखाना बंद. युनियनने मागणी केली की कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेकडे द्या. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता दिली. ज्यांनी आयुष्यभर पितळेच्या आणि तांब्याच्या नळ्या ओढल्या, ते संचालक मंडळावर बसून ताळेबंद वाचायला लागले. सुरुवातीची वर्षं बरी गेली, नव्वदच्या दशकात कारखाना पुन्हा अडचणीत आला. त्यावरून 'बघा, कामगारांना जमत नाही' असं म्हणणारे भेटतात. तो कारखाना पहिल्यांदा बुडाला तेव्हा तो चालवणारे कामगार नव्हते, हे त्यांच्या लक्षात राहत नाही.

आता या तीन दिवसांबद्दल. मी मागे बसून सगळं पाहिलं. सुतळीचा गुंडा एकमेकींकडे फेकायचा खेळ झाला. 'संघभावना' झाली. ग्राहकाशी गोड कसं बोलावं हे झालं. तक्रार 'सकारात्मक' पद्धतीने कशी मांडावी, हेही झालं. काही आपा-अक्का पहिल्यांदाच चारचौघांत उभ्या राहून स्वतःचं नाव सांगत होत्या. ते मोलाचं आहे, मी त्याला हसणार नाही. पण तीन दिवसांत दराचा आकडा एकदाही फळ्यावर आला नाही. काट्यावर कोण बसणार, हा विषय निघाला नाही. वाकडी बत्ती म्हणून जो माल बाजूला काढतात त्याचे पैसे कापले जातात, आणि तो माल परत मात्र मिळत नाही. त्याचं काय? माझ्या शेजारी बसलेल्या अक्काने हे हळूच विचारलं तेव्हा उत्तर आलं, 'त्यावर नंतर बोलू.'

बाबासाहेबांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, १९५६ मध्ये, मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा काढली होती. विचार करा, तब्येत ढासळलेली, धम्मदीक्षेची तयारी चाललेली, आणि हा माणूस शाळा काढतो. कारण नेता हा अंगच्या गुणांनी जन्माला येतो, या गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. जन्मावर विश्वास ठेवणाऱ्या व्यवस्थेशीच तर त्यांचं भांडण होतं.

'नेतृत्वगुण' हा शब्द मला म्हणूनच खटकतो. उद्याच्या निवडीचे निकष भिंतीवर लावले आहेत, तुम्ही वाचले असतील. कन्नड लिहिता-वाचता यावं. स्मार्टफोन असावा. माल ठेवायला घरात कोरडी, मोकळी खोली असावी. घर रस्त्यालगत असावं. यात जातीचा शब्द कुठेच नाही. आता मला सांगा, या मोहल्ल्यात रस्त्यालगत मोकळी खोली कुणाकडे आहे? मागच्या गल्लीत, जिथे दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं झोपतात, तिथल्या किती जणी यात बसतात? एकही नाही. मी मोजलं.

याच शहरात शंभर वर्षांपूर्वी हा वाद झाला आहे. १९१८ मध्ये कृष्णराज वडियार यांनी मिलर समिती नेमली, ब्राह्मणेतरांना सरकारी नोकऱ्यांत वाटा मिळावा म्हणून. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ मध्येच निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या. म्हैसुरात दिवाण विश्वेश्वरय्या यांचा विरोध होता. ते मोठे इंजिनिअर, पण मुद्दा तोच जुना: कार्यक्षमता घसरेल. आज 'कार्यक्षमता'च्या जागी 'कोरडी खोली' आली आहे.

आणि खोलीचा प्रश्न साधा नाही. माल जिच्या घरी, तिच्या उंबऱ्यावर बाकीच्यांनी रोज जायचं. कुणाला आत बोलावणार, कुणाला पायरीवर थांबवणार, कुणाचा मसाला वेगळ्या घमेल्यात देणार? मला इथल्याच दोघींनी सांगितलं की ठेकेदाराच्या वेळी त्यांना पायरीवरच थांबावं लागे. मुंबईच्या गिरण्यांत साचाखात्यात मजुरी जास्त होती, पण तिथे अस्पृश्यांना घेत नसत. का? धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्याच धोट्याला दुसऱ्याचं तोंड लागणार. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. कामगार एकजुटीची भाषणं जोरात चालू असतानाही तो प्रश्न मांडावाच लागला होता. (बत्ती पेटल्यावर ती कुणाच्या हातची हे देवालाही कळत नाही, दर्ग्यालाही नाही. पायरीवर मात्र बरोबर कळतं.)

मागच्या आठवड्यात एक आपा मला म्हणाली, 'काम मिळतंय ना, मग गटप्रमुख कुणी का होईना.' तिची घाई मला समजते. कित्येक महिन्यांचं भाडं थकलंय. पण गटप्रमुख म्हणजे नुसती निरोप्या नाही. कुणाला किती किलो मसाला, कुणाचा माल नापास, कुणाचं नाव पुढच्या सोमवारी वगळायचं, हे सगळं तिच्या हातात जाणार. ठेकेदार गेला आणि त्याची जागा आपल्यातल्याच एकीला दिली, तर भांडण शेटजींशी राहणार नाही, आपसांत लागेल. शेटजी, हे तुमच्या मनात नसेलही. पण रचना अशी आहे की तसंच घडेल.

पुण्यात कचरावेचक बायकांनी, बहुतेक दलित, १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. त्यांनी आधी काय मागितलं? ओळखपत्र. पुणे महापालिकेने ते मान्य केलं, आणि पुढे त्याच बायकांची 'स्वच्छ' ही संस्था शहराचा कचरा दारोदार गोळा करायला लागली. तिच्या कारभारात कचरा वेचणाऱ्या बायका बसतात. आधी नाव कागदावर, मग बाकीचं.

म्हणून उद्यासाठी मी चार गोष्टी सुचवते, तुम्हाला पटल्या तर मागा. खोलीची अट काढून टाका. माल ठेवायला युनिटने भाड्याची एक खोली घ्यावी, जिच्या उंबऱ्यावर कुणाचीच मालकी नसेल. गटप्रमुख चिठ्ठ्या टाकून निवडा आणि दर सहा महिन्यांनी बदला, सहापैकी तिघी मागच्या गल्लीतल्या. लिहिता येत नसेल तर लिहिणारी मदतनीस द्या. पंधरा वर्षांच्या मुली सगळ्यांच्या घरात आहेत, फॉर्म त्याच भरतात. दर आणि नापास मालाचा हिशेब फळ्यावर, कन्नड आणि उर्दू दोन्हींत. आणि प्रत्येकीच्या हातात तिची स्वतःची वही, जिच्यावर युनिटचा शिक्का आणि तिचं नाव.

शेटजींनी आत्ता मान हलवली, ती होकाराची की नकाराची हे मला इथून कळलं नाही. प्रश्न तुम्हीच विचारा, मी पाहुणी आहे. वह्या मी आणल्या आहेत, चाळीस पानी, दाराजवळच्या पिशवीत आहेत. जाताना एकेक घ्या आणि पहिल्या पानावर आज तारीख घाला. मागच्या वर्षी शेवटचा माल कधी दिला होता आणि त्याचे किती पैसे यायचे राहिलेत, तेवढं आठवून लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी मी दहा वाजेपर्यंत इथेच बसले आहे.