वेढ्यातले पीठ



'सैनिकांच्या आठवणी' हा विषय मंडळाने एका होमिओपॅथी डॉक्टरकडे सोपवला, याचे काहींना नवल वाटले असेल. कारण साधे आहे. बागलीत माझ्याकडे निवृत्त फौजी औषधाला येतात, आणि आमच्या पॅथीत रोग्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे लागते. हानेमानने 'ऑर्गेनॉन'मध्ये तसे बजावून ठेवले आहे. गुडघा कधीपासून दुखतो विचारले, की फौजी थेट एखाद्या थंडीपासून सुरुवात करतो. बूट कसले होते, लंगरमध्ये काय शिजले होते, घरचे पत्र किती दिवसांनी आले. गोळीबार शेवटी येतो, पुष्कळदा येतच नाही. म्हणून आज मी पराक्रमाचे कमी आणि शिध्याचे जास्त बोलणार आहे.

आपल्या मुलखाचा परदेशी लढायांशी संबंध जुना. शेजारच्या सीहोरची नववी भोपाळ पलटण ऑक्टोबर 1914 मध्ये फ्रान्सात न्यूव शापेलला लढली. पण शिध्याची खरी कथा आहे ती कूतची. कूत म्हणजे आजच्या इराकमधले तैग्रिसकाठचे गाव. जनरल टाउनशेंडच्या हाताखालची सहावी पुणे डिव्हिजन तिथे डिसेंबर 1915 मध्ये तुर्कांच्या वेढ्यात सापडली आणि 29 एप्रिल 1916 रोजी शरण गेली. तिच्यात 103, 110 आणि 117 अशा तीन मराठा पलटणी होत्या.

या वेढ्यात दोन रोग पसरले, आणि ते ताटाप्रमाणे वाटले गेले. गोरे शिपाई पांढऱ्या पिठाचा पाव खात; त्यांना बेरीबेरी झाला. आपले लोक कोंड्यासकट आटा खात, त्यांना तो झाला नाही. पण गोरे घोड्याचे मांस खात होते, आपले खात नव्हते. भाजीपाला संपला तसे आपल्या शिपायांच्या हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा उघडू लागल्या. हा स्कर्व्ही. रानातला पाला खुडून शिजवला, तोही पुरला नाही. दळण थांबू नये म्हणून विमानातून जात्याचे दगड खाली सोडले, आणि एप्रिलमध्ये पिठाची पोती. त्यातली काही नदीत पडली.

घोड्याच्या मांसावरून इंग्रज लेखकांनी आपल्या शिपायांना हट्टी ठरवले आहे. मी जैन आहे. न खाण्याचा निश्चय काय असतो हे मला थोडे कळते. पण तिथे प्रश्न एकट्या धर्माचा नव्हता. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली गेली, तरी पुष्कळजण अडून राहिले. त्यांना भीती होती गावाची. परत गेल्यावर पंगतीला बसू देतील का, मुलींची लग्ने होतील का? हजारो कोसांवर, तोफांच्या माऱ्यात, उपाशी माणूस आपल्या पारावरच्या लोकांना भीत होता. शेवटी शेवटी बऱ्याच जणांनी मांस खाल्ले. ज्यांनी खाल्ले नाही त्यांना मी हट्टी म्हणणार नाही, आणि ज्यांनी खाल्ले त्यांना भ्रष्ट तर मुळीच नाही.

पुढची गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातली आहे. युद्ध चालू असतानाच लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक या बाई याच प्रश्नावर काम करीत होत्या. अख्खे कडधान्य भिजवून मोड आणले की त्यात स्कर्व्ही रोखण्याचा गुण येतो, कोरड्या दाण्यात तो नसतो, असे दिसून आले. डाळीला तर मोडच येत नाहीत. 'क' जीवनसत्त्वाचे रसायन नक्की व्हायला 1932 साल उजाडले, पण मटकीला मोड आणणे आपल्या बायकांना केव्हापासून ठाऊक होते. (आमच्यात मोड आलेले धान्य अनंतकाय म्हणून वर्ज्य मानणारे आहेत. आमच्या घरी या मुद्द्यावर अजून एकमत नाही.)

शरण गेलेल्या सुमारे तेरा हजारांत शिपायांबरोबर भिस्ती, स्वयंपाकी, डोलीवालेही होते. वाळवंटातून चालवत नेताना आणि पुढे रेल्वेच्या कामावर किती मेले! बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरमधले शिशिरप्रसाद सर्वाधिकारी त्यातून वाचले, आणि 1957 साली त्यांचे 'अभी ले बगदाद' हे पुस्तक निघाले. मराठा पलटणींतल्या कुणाची तशी वही एखाद्या पेटीच्या तळाशी असेल, तर ती मला वाचायची आहे.

तोवर मी इथल्यांचे लिहून घेतो. 1971 साली पूर्व आघाडीवर असलेले एक हवालदार माझ्याकडे येत. चार बिघे सोयाबीन. 2022 मध्ये युक्रेनची लढाई पेटली तेव्हा सगळे टीव्हीवर रणगाडे बघत होते. यांनी मला विचारले, "डॉक्टर साब, पोटॅश तिकडूनच येतं ना?" तेव्हा पोटॅश रशिया-बेलारूसकडून येत असे, सूर्यफुलाचे तेल युक्रेनकडून, दोन्हींचे भाव त्या वर्षी चढले. सोसायटीपुढच्या रांगेत उभे राहून त्यांनी जग जितके ओळखले, तितके मी वर्तमानपत्र वाचून ओळखले नव्हते.

आमच्या केसपेपरमध्ये एक ठरलेला प्रश्न असतो: खारट आवडते का? त्यांनी सांगितले, नदी उतरताना मिठाचे पोते वाहून गेले, चार दिवस अळणी खिचडी खाल्ली. ते मी तसेच लिहिले. गेल्या पावसाळ्यात ते वारले. हयातीत त्यांनी परवानगी दिली होती, म्हणून तो कागद मी त्यांच्या मुलाला दाखवला. त्याने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "म्हणून बाबा ताटात सगळ्यात आधी मीठ वाढायला लावायचे. आम्ही त्यावरून त्यांना हसायचो."