बांध साफ करा, पण दिवाळीनंतर
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



मृगाच्या तोंडावर आपल्याकडे दोन कामांची घाई असते. एक कुळवाच्या पाळ्या आणि दुसरे बांध साफ करणे. मे महिन्यात भूम, वाशी, कळंबकडे फिरलात तर कुठे बांध पेटलेला दिसतो, कुठे बाभळीच्या फांद्या कुंपणाला ओढत नेलेल्या दिसतात. आता तर जेसीबी एका सकाळी अख्खा बांध मोकळा करतो. बांध साफ करू नका, असे माझे म्हणणे नाही. फक्त वेळ चुकते.

तारेवर बसणारा, दुभंगलेल्या शेपटीचा काळा कोतवाल उन्हाळ्यापासून ऑगस्टपर्यंत घरटे करतो. तित्तर बोराटीच्या बुडाशी जमिनीवरच अंडी घालते. पाऊस सुरू झाला की सुगरण विहिरीवर झुकलेल्या बाभळीला खोपे बांधते, लांडोर झुडपाखाली बसते. म्हणजे आपला कोयता आणि पाखरांची वीण एकाच वेळी येते.

पुढे तुरीवर, हरभऱ्यावर घाटेअळी आली की आम्हीच सांगतो, शेतात पक्षी थांबे लावा. तुम्ही काठ्या रोवता. पण जूनमध्ये ज्याचे घरटे पाडले, तो कोतवाल त्या काठीवर बसायला यावा कुठून? मोठी झालेली घाटेअळी फवारणीला सहजी दाद देत नाही. पाखरू मात्र ती नेमकी टिपते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. चार वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात, पेरणीवर सावली नको म्हणून घरच्या शेतातली बाभळ मीच छाटायला सांगितली. गड्याने दोन फांद्या पाडल्या आणि कोतवालाची जोडी त्याच्या डोक्यावर झडपा घालू लागली. खाली पाहिले तर बशीएवढे घरटे आणि पंख न फुटलेली तीन पिले. वडील एवढेच म्हणाले, “पंधरा दिवस थांबला असतास तर काय बिघडलं असतं?” कृषीची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या माझ्याकडे उत्तर नव्हते.

पाखरे ज्वारी खातात, बाभळीच्या सावलीत दोन-तीन ओळी मार खातात, हे खरेच आहे. पण दाणे खाणारी सुगरणसुद्धा पिलांना किडे-अळ्या भरवते. हुरड्याच्या दिवसांपुरती गोफण आहे, बुजगावणे आहे. सावलीसाठी छाटणी दिवाळी ते संक्रांत या काळात करावी.

आत्ताच फांदी काढणे भाग असेल तर आधी दहा मिनिटे झाडापासून दूर उभे राहा. चोचीत काडी किंवा अळी घेऊन पाखरू पुन्हा पुन्हा एकाच जागी जात असेल तर ते झाड सोडा. अंडी घातल्यापासून पिले उडेपर्यंत साधारण महिना-सव्वा महिना लागतो, तेवढाच प्रश्न आहे. बांध पेटवणे मात्र बंदच करावे. जाळून हरळी-कुंदा मरत नाही, त्यांची मुळे जमिनीत राहतात. जळतात ती तित्तराची अंडी. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना हात लावणे शिकारीतच धरले आहे.

बांध सामायिक असेल तर शेजाऱ्याशी आधी बोलून घ्या आणि जेसीबीवाल्याकडे तारीख दिवाळीनंतरची लावा. आमची ती उरलेली बाभळ आम्ही कार्तिकात छाटली.