सायकलचा ब्रेक चाकाला घासतो तेव्हा

आज पिकाबद्दल नाही, सायकलबद्दल बोलणार आहे. डेअरीला दूध घालायचं, वैरणीचा भारा आणायचा, तर 28 इंची काळी सायकल अजून पुष्कळ घरांत उपयोगी पडते. ती एकाएकी जड चालू लागली की आपण हवा भरतो, साखळीला तेल देतो. दुखणं पुष्कळदा ब्रेकचं असतं. रबर रिंगला घासत असतं. मग कुणीतरी सांगतो, "काढून टाका की मागचा ब्रेक, पुढचा आहेच!" हे मात्र करू नका. मी स्वतः हा उद्योग केलेला आहे. कालव्याच्या उतारावर म्हैस आडवी आली, नुसता पुढचा ब्रेक दाबला, आणि मी सायकलसकट उसाच्या सरीत! त्या दिवशी कॅरेजवर दुधाचे कॅन नव्हते, एवढंच नशीब.

या सायकलचे ब्रेक दांडीचे असतात. त्यांची रबरं रिंगला बाजूनं नव्हे, तर आतून, म्हणजे तारांच्या अंगानं लागतात. त्यामुळं सायकल उलटी करून तपासू नका. उलटी केली की दांड्या स्वतःच्या वजनानं रबर रिंगकडे ढकलतात आणि नसलेला दोष दिसतो. मागचं चाक स्टँडवर पाहा, पुढच्यासाठी पोराला हँडल उचलून धरायला सांगा.

चाक फिरवून कान द्या. एका फेऱ्यात एकदाच 'खर्र' झालं, तर दोष चाकाचा. रिंग धरून आडवी हलवा. खडखडली तर कोन ढिले आहेत, ते आवळा. नाही तर तारा चिमटीत धरून पाहा. ढिली तार सापडली तर निप्पल पाव फेरा आवळावा, जास्त नको. खड्ड्यात आपटून रिंग चेपली असेल तर ती आतल्या रबराला टेकणारच. तिथे हातोडी चालवू नका, आऊट काढणाऱ्या कारागिराकडेच न्या.

सतत घासत असेल, तर आठवून पाहा, अलीकडे साखळी ताणली होती का? साखळी ताणताना मागचं चाक मागं सरकतं. रबर रिंगच्या मागच्या अंगाला असतं, म्हणून रिंग त्यावर जाऊन टेकते. ब्रेकचा यात काही दोष नाही. दांडीच्या जोडावरचा नट ढिला करून दांडीला थोडी लांबी द्या आणि पुन्हा घट्ट आवळा. रबर आणि रिंग यांत दोन-तीन मिलिमीटर फट पुरे. चाक चिमट्यात तिरकं बसलं असेल तर आधी ते सरळ करा.

पावसाळ्यात आणखी एक होतं. चिखल आणि गंजानं सांधे धरतात, मूठ सोडली तरी ब्रेक परत येत नाही. सांधे रॉकेलनं धुऊन तेलाचा एकेक थेंब द्या. रबराला किंवा रिंगला तेल लागता कामा नये, नाही तर ब्रेक लागणारच नाही.

नवं रबर घालताना त्याच्या खोबणीचं बंद तोंड चाक फिरतं त्या दिशेला ठेवा. उलटं बसवलं तर ऐन उतारावर रबर निसटून पडतं. काम झाल्यावर दोन्ही मुठी दाबून सायकल पुढं ढकलून पाहा. चाकं अडली, तरच कॅन चढवा.