घोडी मान का झटकत होती?



मी घोडेस्वारी शिकते तिथली घोडी उन्हाळ्यात अचानक मान झटकू लागली. "नाठाळ झाली, विकून टाका," असा सल्ला मिळाला. मी सॉफ्टवेअरवाली, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची सवय. लगाम काढला, तरी तेच. पशुवैद्यांनी दात, कान, डोळे तपासले, सगळं ठीक. सावलीत मात्र ती शांत असायची. शेवटी निदान झालं: चेहऱ्याचा ट्रायजेमिनल मज्जातंतू अतिसंवेदनशील झाला होता. प्रखर उजेडानेही कळ उठायची. नाकावर जाळी बांधली, फेरी सूर्यास्तानंतर ठेवली. पूर्ण बरी नाही, पण त्रास पुष्कळ कमी झाला.

बाई, वर्गात चुळबुळ करणाऱ्या मला शिक्षा करण्याआधी तुम्ही "काय दुखतंय गं?" असं विचारलं होतंत. घोडीपाशी तेच आठवलं.